टाचेचा रकाना

विसाव्या वर्षीची मी मला आज इथं चेन्नईत, पेरंबूरच्या बाजारात दिसली, तर मी भाजीच्या गाडीमागं लपेन. लाजेनं नव्हे, कंटाळ्यानं. त्या मुलीशी दोन मिनिटं बोलणं म्हणजे शिक्षा होती. दोन वेण्या दुमडून काळ्या रिबिनींनी बांधलेल्या, गणवेशाची इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं, छातीवर उलटं टोचलेलं घड्याळ आणि खिशात तीन पेनं. निळं मथळ्यांना, काळं मजकुराला, हिरवं खाली रेघ ओढायला. थर्मामीटर विसरायची, पेनं कधी नाही. अक्षर मात्र छापल्यासारखं. ते तिला माहीत होतं आणि तिनं ते इतरांनाही माहीत करून दिलेलं होतं.

आता मी आजी आहे. नातीला सांगते त्या गोष्टी वेगळ्या. ही तिला सांगितलेली नाही. घरात आमची तंजावरकडची मराठी, तिच्यात अर्धीअधिक तमिळ मुरलेली. मुलानं पुण्याची मुलगी केली. दोघं ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात आहेत. हे मी लिहिलं आणि वाक्यं सुनेनं सरळ केली. मध्येच थांबून ती म्हणाली, "आई, हे असंच ठेवायचं? लोक काय म्हणतील तुम्हाला?" मी म्हटलं, म्हणू देत. मी स्वतःला म्हणते त्याहून वाईट काही त्यांना सुचणार नाही.

आम्हाला तिसऱ्या वर्षी नर्सिंग प्रोसेस शिकवली. नाव भारी, गोष्ट साधी. पेशंटकडे नीट बघा, विचारा. काय बिघडलंय ते ठरवा. काय करायचं ते आखा. मग ते करा. आणि केल्यानं काही फरक पडला का, ते पुन्हा बघा. तापानं फणफणलेल्या पोराशी कुठलीही आई हेच करते, फक्त ती पाच रकान्यांचा तक्ता काढत नाही. आम्ही काढायचो. त्या तक्त्याच्या फाइलीला केअर प्लॅन म्हणायचं. प्रत्येकीला एक पेशंट, एक आठवडा. सोमवारी सुरुवात, शनिवारी त्या पेशंटच्या खाटेशेजारीच परीक्षा.

परीक्षा ट्यूटर मॅडम घ्यायच्या. किडकिडीत बाई, कडक कांजीची साडी. चार वर्षांत त्यांनी पेशंटला हात लावलेला मी पाहिला नाही. हात फक्त फाइलीला. त्यांच्याकडे खाडाखोड चालत नसे. फाइलीची पानं आधीच दोऱ्यानं शिवून, आकडे घालून घ्यावी लागत, म्हणजे एक पान बिघडलं की अख्खी फाइल नव्यानं लिहा. वर्गातली सगळ्यांत चांगली फाइल काचेच्या कपाटात जायची. जिची फाइल कपाटात, तिला दिव्यांच्या समारंभात पहिला दिवा धरून सगळ्यांच्या पुढं चालायचा मान. मला तो दिवा हवा होता. दुसऱ्या कुणाच्या हातात तो मला कल्पनेतसुद्धा बघवत नव्हता.

मला मिळालेली पेशंट एन्नोरची. मासे विकणारी, साठीची बाई. पण ती कोण हे कळायच्या आधीच मी तिचा सबंध आठवडा लिहून काढला होता. शनिवारी फळ्यावर खाटेचा आकडा आणि आजार लागला: साखर, डाव्या तळपायाला जखम. तेवढं पुरलं. एका सीनियरचे पाय धरून तिची जुनी फाइल आणली. तिचीही पेशंट साखरेचीच, जखम डाव्याच पायाला. नशीब काढलं म्हणायचं. रविवारी दुपारी वसतिगृहाच्या पंख्याखाली बसून मी ती फाइल पेन्सिलीनं उतरवली. वय बदललं, गाव बदललं, जखमेच्या मापाची जागा कोरी ठेवली. सोमवार ते शनिवार सगळं. रोज सकाळी त्या दिवसाच्या ओळींवर शाई फिरवायची, की झालं. शनिवारचा शेवटचा रकानाही रविवारीच भरून मोकळी: उद्दिष्ट साध्य, बाकी त्वचा अखंड.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. सीनियरच्या त्या पेशंटचा उजवा पाय आधीच कापलेला होता. म्हणून तिच्या फाइलीत उजव्या पायाबद्दल एक ओळ नव्हती. माझ्याही फाइलीत आली नाही. दोन तास मान खाली घालून, जीभ दातात धरून, मी एका बाईचा धडधाकट पाय कागदावरून काढून टाकला. सर्जनना तेच काम करायला अजून दोन आठवडे लागायचे होते.

सोमवारी तिला पाहिलं. लुकडी, काळी, दोन्ही नाकपुड्यांत खडे. डोक्यावर पाटी वाहून मधले केस गेलेले. खाडीत शिंपलीवर पाय पडला, चार दिवस हळद लावून बसली, मग एक बोट काढावं लागलं. जखम आता भरत होती. डावा पाय दोन उशांवर चढवलेला, उजव्यावर पांघरूण. मी खुर्ची ओढली, फाइल मांडीवर घेतली आणि गंभीर चेहरा केला.

"शौचाला किती वेळा होतं, पाट्टी?" पाट्टी म्हणजे आजी. इथं सगळ्या म्हाताऱ्यांना तसंच म्हणतात, आता मलाही म्हणतात.

"हे त्या देखण्या वहीत लिहिणार तू?"

"लिहावं लागतं."

"मग दोनदा लिही. एकदा म्हटलं तर रिकामं दिसेल."

शेजारच्या खाटेवरची बाई फसकन हसली. मी हसले नाही. हसण्याला रकाना नव्हता.

"झोप लागते?"

"तुमची सिस्टर दिवा मालवेल तर लागेल."

"मनाला कसली काळजी?"

इथं मात्र तिनं चेष्टा सोडली. पोरीला लाडानं म्हणतात तसं कण्णु म्हणाली. "कण्णु, मी चालून विकते. बसून विकणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांना बाजारात ठरलेली जागा असते. माझी जागा म्हणजे हे दोन पाय. पहाटे होडीवर पाटी भरायची आणि उन्हं चढायच्या आत चार वस्त्या फिरायच्या. चालता नाही आलं तर मुलगा येऊन गुम्मिडिपूंडीला घेऊन जाईल. तिथं कारखान्यापाशी त्यांची एक खोली आहे. सून वाईट नाही. पण मी भिंतीकडं तोंड करून पडायचं आणि तिनं ताट सरकवायचं. मला तिथं जायचं नाही. बोट तुम्ही घेतलंत, घ्या. पण इथून मला चालत पाठवा. ह्याला काळजी म्हणतात का तुमच्यात? म्हणत असतील तर लिही."

मी लिहिलं. म्हणजे पेन्सिलीत होतं त्यावर शाई फिरवली: चिंता, आजाराविषयीच्या अज्ञानामुळे.

मग जखम मोजली. पट्टीनं लांबी, पट्टीनं रुंदी, कडांचा रंग, स्रावाचा वास. डाव्या पायाचं चित्रसुद्धा काढलं, त्यात जखम गुलाबी रंगवली. उजव्या पायावरचं पांघरूण होतं तसंच राहिलं.

आता जे सांगते ते कुठल्याही नर्सला लगेच कळेल, बाकीच्यांनी एकदा डोळ्यांपुढं आणा. डावा पाय वर टांगल्यासारखा, गादीवर रेक्झिन, अंगाला घाम. बाई सारखी खाली घसरायची. वर सरकायला तिला एकच आधार, उजवी टाच. टाच गादीत रोवायची आणि अंग वर ढकलायचं. दिवसातून शंभरदा. साखर असलेल्या माणसाची टाच, तिच्यावर सगळं वजन आणि वर घासणं. मी हे दोन दिवस समोर बसून पाहत होते. तक्त्यात लिहिलं: खाटेवर स्वतःहून हालचाल करते. खाली हिरवी रेघ.

वॉर्ड सिस्टर एक जाडजूड बाई होती, मदुरैकडची. आम्हा पोरींना ती उभं करत नसे. "तुझ्या प्रोसेसला पाच पायऱ्या," ती म्हणायची, "आणि माझ्या वॉर्डात चाळीस खाटा. लिहून झालं असेल तर सातव्या खाटेला बेडपॅन दे." मला वाटायचं, अडाणी आहे. जुन्या पद्धतीची. हिला पद्धतशीर विचार काय कळणार.

बुधवारी सकाळी अंग पुसताना पाट्टी म्हणाली, "कण्णु, चांगल्या पायाची टाच जळतेय गं."

बुधवारचं पान मी वसतिगृहातच शाईनं पक्कं करून आले होते. नवीन तक्रार नाही, असं त्यात होतं, काळ्याभोर सुबक अक्षरात. मी फडकं बादलीत पिळलं आणि तिला समजावून सांगितलं. माझी मान किती डौलात डोलत असेल ते आज मला दिसतं. म्हटलं, "एका पायाला दुखतं ना, तेव्हा मनात भीती बसते. भीतीनं दुसराही दुखल्यासारखा वाटतो. तो आजार नाही, चिंता आहे."

"असं का," ती म्हणाली. "पण टाचच कशी जळते, चिंतेला गुडघा दिसत नाही का?"

शेजारची पुन्हा हसली. मी रागावले. बादली उचलून निघून गेले आणि आरोग्यशिक्षणाच्या रकान्यात बरोबरची खूण केली: पेशंटशी चिंतेविषयी संवाद साधला.

गुरुवारी सकाळी ती हसत नव्हती. मी ड्रेसिंगचा ट्रे आणला तर म्हणाली, "आधी तो बघ. दुसरा." आवाजात असं काही होतं की मी पांघरूण उचललं.

टाचेवर जुन्या रुपयाएवढा फोड. भोवती जांभळट कडं, मध्ये काळपट. चटका बसल्यासारखा लाल नव्हे, गडद.

मला ते काय आहे ते नेमकं ठाऊक होतं. ही गोष्ट मी कुणालाही सांगताना इथं थांबते, कारण ऐकणाऱ्याला इथं मला माफ करायची घाई होते. पोर होतीस, तुला कळलं नसेल, असं म्हणतात. कळलं होतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ह्यावर प्रश्न होता, चारपैकी चार गुण मिळाले होते. उपायही ठाऊक होता. पोटरीखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची, टाच अधांतरी ठेवायची, सिस्टरला हाक मारायची. टॉवेल खाटेच्या दांडीवर वाळत होता. सिस्टर पाच पावलांवर उभी होती.

मी हिशेब केला तो पानांचा. गुरुवारचं पान शाईत. नवीन तक्रार म्हणजे नवीन ओळी, नवीन उद्दिष्ट, नवीन चित्र. फाइल नव्यानं, चाळीस पानं, हातात दोन संध्याकाळी. आणि मॅडमचा पहिला प्रश्न: सोमवारी उजवा पाय पाहिलास तेव्हा कसा होता?

मी पांघरूण खाली सोडलं.

"काय आहे गं?" पाट्टीनं विचारलं. तिला आपली टाच दिसणं शक्य नव्हतं. वाकता येत नव्हतं आणि साखरेनं नजरही अधू झालेली.

"काही नाही. थोडं घासलंय."

"जळतंय फार."

मी खाली वाकले. कुजबुजले. त्या कुजबुजीची मला आजही किळस येते, तिच्यात लाडिकपणा होता. "पाट्टी, शनिवारी माझी परीक्षा आहे. आमच्या मॅडम येतील, तुम्हाला विचारतील. तेव्हा हे टाचेचं काढू नका. परीक्षा झाली की मी स्वतः बघते."

तिनं विचारलं, "नापास करतात?"

"करतात," मी म्हटलं. खोटं. नापास कुणालाच करत नसत. फक्त दिवा गेला असता.

"शनिवारपर्यंत ना?" तिनं बोटं मोजली. "परवा. थांबते की. एवढे दिवस थांबले."

तेवढ्यात सिस्टरनं लांबून विचारलं, "काय गं, काय चाललंय तिथं?"

"काही नाही, सिस्टर," मी म्हटलं. आणि माझ्या मागून पाट्टीही म्हणाली, "काही नाही, सिस्टरम्मा."

शुक्रवारी तिनं पांघरूण दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मी न विचारताच तिनं मान हलवली, म्हणजे, माझ्या लक्षात आहे. जेवली नाही. मी पेन्सिलीवर शाई फिरवली: वेदना कमी, प्रसन्न दिसते.

शनिवारी दहाला मॅडम आल्या, मागं आम्ही बारा मुली. मॅडमनी फाइल उघडली. पानं उलटताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी तिरक्या नजरेनं प्यायले. चित्रापाशी थांबल्या, मागच्या मुलींना दाखवलं. "असं काम असावं. बघा. एक खाडाखोड नाही." मग मला प्रश्न विचारले, मी पोपटासारखी बोलले.

"बाकी त्वचा?"

"अखंड, मॅडम."

मॅडमनी खाटेकडं मान वळवली. पेशंट आहे हे त्यांना आठवलं असावं. "काय अम्मा, ही मुलगी तुम्हाला नीट बघते ना?"

"पोटच्या पोरीसारखी," पाट्टी म्हणाली. "दिवसभर माझ्यासाठी लिहीत असते."

"काही त्रास?"

"काही नाही."

तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि खालचा ओठ दाताखाली. मला ते दिसलं. मला वाटलं, नाटक छान वठवतेय, फार ताणू नये म्हणजे झालं. मॅडमनी शेवटच्या रकान्याखाली लाल शाईत लिहिलं, उत्कृष्ट, आणि सही केली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. बाराजणींतल्या एकीनंही पांघरूण उचललं नाही, कारण त्या दिवशी ते कुणाचं काम नव्हतं.

परीक्षा झाली की मी स्वतः बघते, असं मी म्हटलं होतं. परीक्षा झाली. मॅडमची पिशवी आणि माझी फाइल घेऊन मी त्यांच्यामागं चालत गेले, कपाट उघडून फाइल आत ठेवताना बघितली, काच बंद झालेली बघितली. दुपारच्या बसनं घरी गेले. रविवारी आईनं डोक्याला तेल लावून न्हाऊ घातलं. सोमवारपासून माझी ड्यूटी लहान मुलांच्या वॉर्डात लागली. विसरले होते असं म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. शनिवारी बसमध्ये आठवलं, रविवारी केस वाळवताना आठवलं. दोन्ही वेळा मनात म्हटलं, सिस्टर आहे ना तिथं, ती बघेल.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी मी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी चिठ्ठ्या घेऊन उभी होते. मदुरैच्या सिस्टरनं मागून माझी वेणी धरली. ओढली नाही, नुसती धरली.

"तुझी पेशंट शनिवारी संध्याकाळी तुला हाक मारत होती," ती म्हणाली. "आयाला म्हणाली, त्या पोरीची परीक्षा झाली, तिला बोलवा, तिला माझा पाय बघायचाय. मला वाटलं वात झालाय. रविवारी रात्री थंडी वाजून ताप चढला तेव्हा मी पांघरूण काढलं. तो फोड एका दिवसाचा नव्हता. मला डोळे आहेत."

मी हातातल्या चिठ्ठ्या सारख्या केल्या.

"मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्यासाठी नाही हं. सांगितलं तर मलाही विचारतील, आठवडाभर तू कुठं होतीस म्हणून. चल."

ती मला हाताला धरून खाटेपाशी घेऊन गेली आणि तिथं सोडून निघून गेली. डावा पाय उशीवर नव्हता, साधा पसरलेला होता. जखम जवळजवळ भरली होती. मी आखलेलं सगळं साधलं होतं. उजव्या बाजूला गुडघ्याखाली चार बोटं पांढरी पट्टी आणि त्यापुढं सपाट चादर.

पाट्टीनं मला ओळखायला जरा वेळ घेतला. मग विचारलं, "किती मिळाले?"

"अठ्ठेचाळीस."

"किती पैकी?"

"पन्नास."

तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. शेजारची नवीन होती, हसणारी घरी गेली होती. "ह्या मुलीला पन्नासात अठ्ठेचाळीस," पाट्टी म्हणाली. टोमणा होता की अभिमान, मला कळलं नाही. मला आजही कळलेलं नाही, आणि हे लिहिताना माझ्या सुनेनं विचारलं तेव्हा मी तिला तेच सांगितलं.

त्याच दिवशी मी ट्यूटर मॅडमकडं गेले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. ते ओझं कुणाच्या तरी टेबलावर ठेवून मोकळं व्हायचं होतं, एवढंच. सगळं सांगितलं: पेन्सिल, सीनियरची फाइल, फोड, कुजबुज. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझ्या केअर प्लॅनमध्ये उजव्या पायाबद्दल कुठं काय लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, मॅडम."

"मग तो तुझ्या केअर प्लॅनचा भाग नव्हता. त्यावर माझी सही आहे. ती सही खोटी होती असं तुला म्हणायचंय का?"

मी नाही म्हटलं. "जा मग," त्या म्हणाल्या. "भावनिक होऊ नकोस. भावनिक मुली चांगल्या नर्स होत नाहीत."

फाइल कपाटातच राहिली. पहिला दिवा धरून पुढं मीच चालले, वात फडफडू नये म्हणून तळहाताचा आडोसा करून. फोटोत चेहरा मोठा सात्त्विक आलाय. पुढं धाकट्या वर्गातल्या मुली ती फाइल मागून न्यायच्या. त्यातल्या किती जणींनी तिच्यावरून पेन्सिल फिरवली, आणि त्यांच्या पेशंटना किती पाय होते, ह्याचा मी कधी शोध घेतला नाही.

मदुरैच्या सिस्टरनं मला शिक्षा दिली. तिला तसा अधिकार नव्हता, मलाही नाही म्हणायचं तोंड नव्हतं. माझी ड्यूटी संपल्यावर रोज चारला तिच्या वॉर्डात यायचं आणि पाट्टीचं ड्रेसिंग करायचं. फाइल नाही, पेन नाही. पाट्टी गप्प पडून राहायची, छताकडं बघत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पट्टी गुंडाळताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसलं नाही. खरं सांगायचं तर तिनं ते बघावं असं मला वाटत होतं.

"इथं रडू नकोस," ती म्हणाली. "पट्टी ओली होईल."

"माझं चुकलं, पाट्टी."

"हो." तिनं छतावरची नजर काढली नाही. "मला वाटलं होतं, तुला दिसत नाहीये. बुधवारी तू मला चिंता-बिंता सांगितलीस, तेव्हा वाटलं पोरगी मूर्ख आहे. मूर्ख माणसाचा राग येत नाही. पण गुरुवारी तू बघितलंस. मला माझी टाच दिसत नव्हती, तुला दिसली. बघून तू म्हणालीस काही नाही, म्हणून मी थांबले. शिकलेली मुलगी बघून म्हणते काही नाही, म्हणजे नसेलच काही. तू न बघता म्हणाली असतीस तर मी ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतला असता."

मी गाठ मारली. तिनं विचारलं, "घट्ट नाही ना बांधलीस? बघ नीट. मला काय, दिसत नाही." आणि डोळे मिटले.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज चारला जायची, ती रोज डोळे मिटायची.

शेवटच्या दिवशी पाट्टीचा मुलगा आला. कारखान्यातून अर्धी रजा टाकून आला होता, अंगात कंपनीचा शर्ट तसाच. भाड्याची व्हॅन दाराशी उभी. गुम्मिडिपूंडीला न्यायची, खोलीत एका बाजूला खाट टाकली आहे, तो म्हणाला. सून सोबत होती, बावीस-तेवीसची, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. पाट्टीनं सांगितलं तेच खरं, ती वाईट नव्हती. घाबरलेली होती. सिस्टर औषधांचा कागद देऊन दुसऱ्या खाटेकडं गेली, तशी ती माझ्याकडं वळली.

"अक्का, घरी काय बघायचं? आम्हाला काही माहीत नाही. हा उरलेला पाय तरी राहायला हवा."

पाट्टीला तोवर चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. मी तिच्यापुढं जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि सुनेला सांगायला लागले. रोज सकाळी पाय बघायचा. नुसतं विचारायचं नाही, बघायचं. बोटांच्या मधे बघायचं, टाच उचलून खालून बघायची. खाली वाकता येत नसेल तर आरसा धरायचा. काळसर काही दिसलं, फोड दिसला, तर त्याच दिवशी घेऊन यायचं. झोपताना पोटरीखाली कापडाची गुंडाळी, म्हणजे टाच टेकणार नाही. सून ओठ हलवत एकेक पाठ करत होती. मी चांगलं सांगत होते. इतकं चांगलं मी शनिवारीसुद्धा बोलले नव्हते.

"टाच अशी उचलायची," मी म्हटलं आणि दाखवायला हात पुढं केला.

पाट्टीनं पाय साडीखाली ओढून घेतला.

"तू दाखव," ती सुनेला म्हणाली. "हिला नको हात लावू देऊ."

सून ओशाळली. माझ्याकडं बघून कसंनुसं हसली, मग पिशव्या खाली ठेवून सासूपुढं बसली आणि साडी जराशी वर करून टाच तळहातावर घेतली. "अशी?" तिनं मला विचारलं.

"अशीच," मी म्हटलं. माझा हात अजून हवेतच होता. तो मागं घेऊन कुठं ठेवायचा ते मला सुचेना, म्हणून मी तो गणवेशाच्या खिशात घातला आणि उठून वाटेतून बाजूला झाले.